कबुतरवाल्याची साक्ष

३ ऑक्टोबर, शनिवार
आजपासून इंग्रजीचा वर्ग सुरू. शनिवार, सोमवार, बुधवार, संध्याकाळी पाच. एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसायला हिंमत लागते. ती माझ्यात आहे. शिकवायला मिस सिरीन. वयाने माझ्या मुलीएवढी, आवाजाने हेडमास्तर.

कारण असे की ताईच्या मुलीचे, दानाचे, लग्न जमते आहे, आणि मुलाकडची माणसे शिकलेली. लग्नाच्या कराराच्या दिवशी मुलीच्या बाजूने साक्षीदार म्हणून तूच उभा राहा, असे ताई म्हणाली. भावोजी गेल्याला बावीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितले असेल तर हेच.

संकल्प: रोज वीस शब्द. सिगारेट बंद. कबुतरे लग्नाआधी विकून टाकायची. कबुतरांचे तसे कोणाला माहीत नाही. मी गच्चीवर पाण्याची टाकी बघायला जातो, असे घरात सांगून ठेवले आहे. इंतिसार म्हणाली, नळाला पाणी मंगळवारी येते, मग टाकी रोज कसली बघता? बायकोला पाणीपुरवठ्यातले काय कळणार.

५ ऑक्टोबर, सोमवार
वीस शब्दांपैकी चार झाले. पण पक्के झाले.

आमच्या झरका गावात कबुतरवाल्याची साक्ष कोणी धरत नाही. कायद्यात तसे लिहिले आहे की नाही देव जाणे, पण म्हातारे सांगतात आणि गल्ली मानते. म्हणे हा माणूस दुसऱ्याचे पाखरू आपल्या गच्चीवर उतरवून घेतो, आणि मालक विचारायला आला की शपथेवर नाही म्हणतो. ही शुद्ध बदनामी आहे. चौदा वर्षांत मी अशी शपथ घेतली असेल ती फार तर पाच-सहा वेळा.

७ ऑक्टोबर, बुधवार, दुपारी साडेतीन
काय सांगू! पांढरे शुभ्र, शेपटी काळी, पायात पितळी कडी. माझ्या थव्यात मिसळून आपणहून खाली आले. मी फक्त शीळ घातली आणि दाणे टाकले. आणि जाळे टाकले. गच्च्यांचा नियमच आहे: ज्याच्याशी आपला तह नाही त्याचे पाखरू उतरले तर ते आपले. याला चोरी म्हणत नाहीत.

एवढे एक ठेवू. बाकीची लग्नाआधी विकायची.

१० ऑक्टोबर, शनिवार
नवा धडा, कर्मणी प्रयोग. मिस सिरीन म्हणाल्या की हा प्रकार गुन्ह्याच्या गोष्टींतून चांगला शिकता येतो. फळ्यावर लिहिले: बँक लुटली गेली. घड्याळ चोरले गेले. चोर पकडला गेला, चोराला शिक्षा केली गेली. वॉज रॉब्ड, वॉज स्टोलन, वॉज कॉट. कोणी केले ते सांगायची गरज नाही, वाक्य तसेच पुरे होते.

इतकी सभ्य वाक्यरचना मी आजवर पाहिली नव्हती. ही मला जमणार.

गृहपाठ: प्रत्येकाने एक गुन्हा आणि त्याची शिक्षा लिहून आणायची.

१२ ऑक्टोबर, सोमवार
मी लिहून नेले की एका दुकानातून टरबूज चोरले गेले. मिस म्हणाल्या, शिक्षा कुठे आहे? मी म्हणालो, टरबूज कच्चे निघाले. वर्ग हसला. लोकांना माझा स्वभाव आवडतो.

मग शेजारच्या बाकावरचे अबू सख्र उठले. निवृत्त पोलीस हवालदार. पंजे फावड्यासारखे. नातवंडे शिकागोत, ती अरबी विसरली, म्हणून आजोबा इंग्रजी शिकतात. त्यांनी सावकाश वाचले: एक पांढरे कबूतर चोरले गेले. त्याची शेपटी काळी होती. पायात कडी होती.

मिसनी शाबासकी दिली आणि म्हणाल्या, गोष्ट अशीच थोडी थोडी वाढवत न्या. माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती उचलायला वाकलो तो तास संपेपर्यंत बाकाखालीच बरे वाटत होते.

१४ ऑक्टोबर, बुधवार
अबू सख्र, भाग दुसरा: गल्ल्या शोधल्या गेल्या. गच्च्या पाहिल्या गेल्या.

कोणी पाहिल्या? कधी? या वाक्यरचनेत ते सांगतच नाहीत. शनिवारी मला ती सभ्य वाटली होती. घरी येताना तीनदा मागे वळून पाहिले. मागे एक मांजर होते.

कर नाही त्याला डर कशाला. मी अजिबात घाबरलेलो नाही. रात्री जेवण गेले नाही, ते मकलूबाच्या भातात वांगी जास्त होती म्हणून.

१७ ऑक्टोबर, शनिवार
वर्ग सुटल्यावर अबू सख्रनी जिन्यात गाठले. आवाज अगदी मऊ. म्हणाले, रागिबभाऊ, तुम्ही चढावरच्या बाजूला राहता ना, एखादे पांढरे पाखरू उतरलेले दिसले का? नातू शिकागोला गेला तेव्हा त्याच्या हातचे एवढेच राहिले होते.

त्या वेळी सरळ देऊन टाकायला हवे होते. पण जीभ आपली सवयीने चालू लागली. म्हणालो, देवाशपथ, मी पाखरे पाळत नाही, मला कबूतर आणि कोंबडी यांतला फरकही कळत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, बरं.

पोलिसाचे ते 'बरं' ऐकून मी उरलेला जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो.

२१ ऑक्टोबर, बुधवार
भाग तिसरा: माणूस पाहिला गेला. त्याला प्रश्न विचारला गेला. उत्तर लिहून ठेवले गेले.

मिसनी विचारले, पुढे काय झाले? अबू सख्र म्हणाले, मिस, अजून घडतंय.

मला दरदरून घाम फुटला. उठून खिडकी उघडली. ती उघडीच होती.

२४ ऑक्टोबर, शनिवार
वर्गाला गेलो नाही. सर्दी. खरे तर सर्दी नाही, पण होईल असे वाटत होते.

मशिदीत इमामसाहेबांना एका मित्राच्या वतीने विचारले. मित्र पाखरे पाळतो आणि एकदा चुकून खोटी शपथ घेऊन बसला, तर तो लग्नाच्या कराराला साक्षीला चालेल का? इमामसाहेब म्हणाले, मित्राला सांगा, पाखरू मालकाला परत करायचं आणि झालं ते कबूल करायचं. पाच मिनिटांचं काम आहे. मग विचारले, मित्राच्या टाकीचं काय चाललंय? मी म्हणालो, कोणती टाकी? ते हसले. धार्मिक माणसे उगाच हसतात.

२८ ऑक्टोबर, बुधवार
तोडगा सापडला. पाखरू ओळखूच आले नाही तर प्रश्नच मिटला. इंतिसारच्या डब्यातली मेंदी भिजवून पाखराला लावली. आता ते गाजराच्या रंगाचे झाले आहे, जागोजागी. आधी गल्लीभरात ओळखू आले असते, आता गावभरात येईल.

मेंदी कुठे गेली म्हणून इंतिसारने विचारले. म्हणालो, टाकीला गळती होती. तिने नुसते माझ्या नारिंगी बोटांकडे पाहिले.

२ नोव्हेंबर, सोमवार
पाखरू पिशवीत घालून बसने गावाबाहेर नेले आणि सोडून दिले. मोठेपणा याला म्हणतात. जाईल आपल्या घरी अबू सख्रकडे, विषय संपला. मन हलके झाले.

घरी पोचलो तर ते गच्चीवर माझ्या आधी हजर. माझ्या करड्या मादीशी त्याची जोडी जमली आहे.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
 

आज मुलाकडचे वडीलधारे ताईच्या घरी रीतसर मागणी घालायला आले. पंधरा-सोळा माणसे, आणि सगळ्यांच्या पुढे मुलाचे मामा. मामा म्हणजे अबू सख्र.

मी त्यांच्या बरोबर समोर बसलो होतो. कॉफी आली. त्यांनी पेला तसाच पुढ्यात ठेवला, हात लावला नाही. रीतच आहे, मागणी मान्य झाल्याशिवाय पीत नाहीत. मला ती माहीत आहे, लहानपणापासून माहीत आहे. पण ते खाकरले आणि माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुमच्या घरातली एक मोलाची गोष्ट मागायला आलोय. मिळाल्याशिवाय ही कॉफी पिणार नाही."

मी उठून उभा राहिलो. पाखरू आणायला निघालोच होतो, तेवढ्यात दानाचे काका म्हणाले, मुलगी तुमचीच आहे, कॉफी घ्या. सगळे हसले, पेले उचलले गेले. ताईने विचारले, तू कशाला उठलास? म्हणालो, आदराने.

जाताना अबू सख्रनी माझा हात हातात घेतला आणि कानाशी म्हणाले, "रागिबभाऊ, माझी गोष्ट अजून अर्धी आहे. शेवट चांगला करू या." हे समजावणे होते की धमकी, ते कळले नाही. सेफ साइड म्हणून धमकी धरून चाललो आहे.

९ नोव्हेंबर, सोमवार
नक्की ठरले. बुधवारी वर्गात पाखरू घेऊन जायचे आणि चारचौघांत सांगायचे. वाक्यही तयार केले: पाखरू परत केले गेले. दहा वेळा घोकले.

११ नोव्हेंबर, बुधवार
पाखराने अंडी घातलेल्या मादीला सोडले नाही. मुक्या जिवाचा संसार मोडणे माझ्याने होत नाही. वर्गाला गेलो नाही.

शुक्रवारी करार. एकदा सही झाली की झाली. कोण काय करणार आहे?

१३ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी सहा
सही झाली. सगळे उत्तम पार पडले. ताईशी बोलायचे राहिले, उद्या जाईन.

१४ नोव्हेंबर, शनिवार
काल नीट लिहिले नाही. आज लिहितो.

करार लिहिणारे शेख वही उघडून बसले आणि साक्षीदारांची ओळखपत्रे मागितली. मुलाकडून अबू सख्र उभे राहणार, असे सगळे धरून चालले होते. ते उठले, पण ओळखपत्र काढले नाही. म्हणाले, "शेखसाहेब, मी पाखरे पाळतो. लोक अशाची साक्ष धरत नाहीत. पोरांच्या लग्नात उद्या कुणी बोट दाखवायला नको. माझा पुतण्या उभा राहील."

शेख हसले, माणसेही हसली, पण मान देऊन हसली. एवढा दांडगा माणूस मान डोलवत बाजूला झाला आणि त्यात त्याचे काही कमी झाले नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत राग नव्हता. माझ्यासाठी दार उघडून धरावे तसे ते उभे होते.

"रागिबभाऊ," ते म्हणाले, "तुमचं कसं?"

फक्त 'माझंही तेच' म्हणायचे होते. लोक हसले असते, दानाचे काका माझ्या जागी उभे राहिले असते, संपले असते. मी तोंड उघडले आणि मिटले.  मला भीती वाटत होती. हे या वहीत पहिल्यांदा लिहितो आहे. महिनाभर मला भीती वाटत होती.

 आतल्या दारात नटून बसलेल्या दानाने मान खाली घातली. तेव्हा तिच्या मागून ताई पुढे आली.

"माझ्या भावाच्या गच्चीवर टाकीशिवाय काही नाही," ती म्हणाली. "देवाशपथ."

अबू सख्रनी नजर खाली वळवली. म्हणाले, "ताई म्हणतात म्हणजे झालं." शेखांनी वही माझ्याकडे सरकवली. मी सही केली. अक्षर चांगले आले.

आज सकाळी पाखरू टोपलीत घालून अबू सख्रकडे निघालो होतो, वाटेत ताईकडे डोकावलो. तिला म्हणालो, थोडक्यात वाचलो बघ, कोणाला काही कळले नाही. ती कालची उरलेली मिठाई डब्यात भरत होती. टोपलीकडे तिने पाहिले सुद्धा नाही.

"सगळ्यांना ठाऊक आहे, रागिब," ती म्हणाली. "शेखांना, काकांना, मुलाकडच्या पोरासोरांना. चौदा वर्षं ठाऊक आहे."

मी विचारले, मग तू शपथ कशाला घेतलीस? ती म्हणाली, तू बोलेनास म्हणून.

मग डब्याचे झाकण लावून तो तिने माझ्या हातात दिला. "बावीस वर्षं या गल्लीत एकटी राहिले. सासू-सुना भांडल्या, कुणाची वाटणी झाली, की लोक म्हणायचे, मैसूनला विचारा, ती खोटं बोलायची नाही. आता माझीही साक्ष कुणी धरणार नाही."

रागावली नव्हती. मला दारापर्यंत सोडायला आली, डबा सरळ धर म्हणाली, पाक सांडेल, आणि आत गेली.