आराशीतलं फ्रेंच हेलिकॉप्टर

९ ऑगस्ट २००९, करामा, दुबई
आणलं: ज्यूसच्या जाड नळ्या, पाकीट १, चार दिरहॅम (बावन्न रुपये). थर्माकोल, सहा दिरहॅम. शेजारच्या वीणाचा व्हॅक्यूम क्लीनर, उसना, फुकट.
ह्यांचं ऑफिस हमरिया फ्री झोनमध्ये, हेलिकॉप्टरचे सुटे भाग विकतात. मागच्या महिन्यात चौघांच्या नोकऱ्या खलास. पुढची यादी गणपतीत लागणार. मोठे साहेब, लोराँ, फ्रेंच आहेत आणि दर्शनाला येणार आहेत. म्हणून यंदा आराशीत फ्रेंच हेलिकॉप्टर. नोकरी वाचली म्हणून समजायचं. बाप्पा आहेच, पण माणसानेही हात हलवावा.

११ ऑगस्ट
ह्यांनी समजावलं. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांकडे काही उरलं नव्हतं, तरी हलकी हेलिकॉप्टरं करायला बसले. आधी 'एरिएल'. त्यात पात्यांच्या टोकाशी इंधन जाळायचे. मग 'जिन', नाव भुताचं. जाळणं बंद, पोकळ पात्यांतून नुसती दाबलेली हवा. ती टोकातून सुटली की पाती फिरतात, शेपटीला पंखाही नको. काय काटकसरी माणसं! मी म्हटलं, म्हणजे कुकरची शिट्टी. हे म्हणाले, तसं नाही गं. तसंच आहे. ज्यूसच्या नळ्यांची पाती करायची आणि व्हॅक्यूमची उलटी हवा त्यांतून सोडायची.

१५ ऑगस्ट
फिरलं नाही. डिंक भारतातला हवा होता. अवनी म्हणाली, "आई, जस्ट बाय अ टॉय." एकशे ऐंशी दिरहॅम, म्हणजे तेवीसशे चाळीस रुपये. एक माळ जास्त ओढली.

१९ ऑगस्ट
फिरलं! आवाज फार. वॉचमन हमदुल्ला विचारायला वर आला. मी म्हटलं, भाईसाब, जिन है. लिफ्टची वाटही न बघता खाली गेला.
आता चाचणी नको. एकदम साहेबांसमोरच.

२३ ऑगस्ट, गणेश चतुर्थी, संध्याकाळी ७
साहेब आले. बूट काढले, मोजा अंगठ्याशी फाटका. आरती झाली, मी बटण दाबलं. पाती छान फिरली. बाप्पापुढे गुलालाची वाटी होती, ती हिशेबात धरली नव्हती. निरांजन विझलं. साहेब, त्यांचा पांढरा शर्ट आणि सोफा गुलाबी. साहेब हसले. म्हणजे काम झालं.

२४ ऑगस्ट
यादी लागली. पहिलं नाव साहेबांचंच. ह्यांचं दुसरं. साहेबांना कालच कळलं होतं. निघताना ह्यांना विचारत होते, पुण्यात कुणाच्या ओळखीने काही काम मिळेल का. जिन त्यांनी लगेच ओळखलं म्हणे. ते तेल फार प्यायचं, म्हणून मागे पडलं. नाव झालं ते पुढच्या 'अलुएत'चं. मी काटकसरीचं म्हणून निवडलं होतं.
व्हॅक्यूम अजून गुलाल फुंकतो. वीणाला सांगितलेलं नाही.
कुंदावन्संना लिहायचं पत्र: सा. न. वि. वि. आम्ही थोडे दिवस विश्रांतीला पुण्यास येत आहोत. भाडेकरूंना फ्लॅट रिकामा करण्यास सांगावे. सोबत एक फ्रेंच गृहस्थ असतील, त्यांच्यासाठी मागची खोली झाडून ठेवावी. शाकाहारी चालते, काल अकरा मोदक खाल्ले. जमेल की नाही ते उलट टपाली कळवावे.