अकरा लाल गोल

प्रिय मास्तरीणबाई,

आधीच सांगते, रागवायची पाळी आज माझी आहे. माझ्या जबाबाच्या इंग्रजीवर तू अकरा लाल गोल करून पाठवलेस, ते मिळाले. इन हवं तिथे ऑन, ऑन हवं तिथे ॲट. अकराच्या अकरा बरोबर असणार, त्यावर माझा वाद नाही.

हे शब्द मला शिकवलेस तूच. चौथीत होतीस. मी घरी इस्त्री करायचे आणि तू बटणांचा डबा घेऊन टेबलावर चढून बसायचीस. बटण डब्यात, डब्यावर, डब्याखाली. आपल्याकडे हे शब्दाच्या मागे गुमान चिकटून येतं, इंग्रजीत पुढे येऊन उभं राहतं, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. चुकले की तू हातातलं बटण काढून घ्यायचीस. मला त्याचंही कौतुक वाटायचं.

आता आमच्या धुलाई कारखान्याचं ऐक. चादरींच्या गरम रोलरपुढे लोखंडी जाळी असते. हात लागला की मशीन थांबतं. चादरी उरकत नाहीत म्हणून मॅनेजरने ती काढायला लावली. परत बसवा, असं मी दोनदा सांगितलं, त्याने कानाडोळा केला. गेल्या सोमवारी आमच्या गाणारीचा हात आत गेला. मशीनच्या वरताण आवाजात गाते म्हणून तिला सगळे गाणारीच म्हणतात. तीन बोटं भाजली. शेजारच्या मशीनवर मीच होते, म्हणून चौकशीसाठी जबाब मी लिहिला, तिथे इंग्रजीतच लागतो.

मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून बसायला खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. गोड आवाजात म्हणाला, “मावशी, तुमचं इंग्रजी कच्चं आहे, लोक हसतील. मी नीट टाइप करून आणलंय. तुम्ही फक्त सही करा.” मी शब्दाशब्दाखाली बोट ठेवून वाचलं. इन, ऑन, ॲट, सगळे आपापल्या जागी होते. फक्त जाळीचं वाक्य नव्हतं. त्याऐवजी गाणारीचं लक्ष नव्हतं, असं लिहिलं होतं. मी पेन खाली ठेवलं. नोकरीचा विचार करा, म्हणाला. केलाय, म्हटलं.

दोन्ही कागद तुला पाठवले, ते तू ही लबाडी पकडशील म्हणून. तू कळवलंस, साहेबांचाच कागद दे, तो स्वच्छ आहे. अगं, अकरा चुका दिसल्या तुला आणि एक अख्खं वाक्य गायब झालेलं दिसलं नाही? फार लागलं मला ते.

गुरुवारी अकरा वाजता चौकशी आहे. रजा काढून येते आणि तुझ्या वतीने मीच बोलते, असं तू म्हणालीस, म्हणून हे पत्र. माझ्या वतीने कुणी बोलायचं नाही. तुझ्या दुरुस्त्याही घेणार नाही, नाहीतर मॅनेजर म्हणेल, हे या बाईने लिहिलंच नाही. माझा कागद मी अकरा चुकांसकट उभी राहून वाचणार. हसायचं त्यांनी खुशाल हसावं, नोकरीवरून काढायचं तर काढावं. तू मात्र ये. गाणारीच्या शेजारी बस, तिचा हात बांधलेला आहे, पाण्याचा पेला धरायला कुणीतरी हवं. आणि मी चुकले तर या खेपेला बटण काढून घेऊ नकोस.

तुझीच हट्टी विद्यार्थिनी,
आई