धाकटीचा घाम

ता. ४ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून खिडक्या उघड्या आहेत, तरी वास जात नाही. माझ्या वाचायच्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेले तुझे मोजे मी चिमट्याने उचलले. शरीररचना शिकवून निवृत्त झालेल्या बाईने भर रस्त्यात धापा टाकत हिंडावे आणि निथळत्या अंगाने माझ्या स्वयंपाकघरात उभे राहावे, हे किळसवाणे आहे. त्यात तू ‘रनिंग करते’ म्हणतेस. ‘धावते’ या क्रियापदाने तुझे काय घोडे मारले? गबाळ्याही तुझ्या बुटात तोंड खुपसून बसला होता. पण तो कुत्रा आहे, आणि या घरात माझे ऐकून घेणारा तेवढाच.

स्पष्ट लिहितो: बूट आणणार असशील, तर यापुढे येऊ नकोस.

आशीर्वाद कोरड्या अंगाने घ्यावेत.
दादा

ता. ९ एप्रिल

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताना हसले. ‘येऊ नकोस’ वाचल्यावर जेवण गेले नाही. आपण दोघेच उरलो, आणि तू मला मोज्यांवरून तोडतोस?

ज्याची तुला शिसारी येते, तो घाम माणसाचा दागिना आहे. अंगावरचे केस विरळ झाले, कातडीभर घामाच्या ग्रंथी आल्या, म्हणून आपण उन्हात धावता धावता निवतो. चौपायी जनावरे सुरुवातीला आपल्याला सहज मागे टाकतात. पण त्यांतल्या बहुतेकांना धापा टाकूनच निवावे लागते, आणि भरधाव पळताना ते नीट साधत नाही. आपले पूर्वज जनावर उन्हाने बसेपर्यंत चिकाटीने त्याच्या मागे जात, असे काही अभ्यासक मानतात. टाचेमागची जाड शीर स्प्रिंगसारखी चालते. आणि ज्या भागावर बसून तू जगाचे व्याकरण तपासतोस, तोही धावताना तोल सावरायलाच वाढला असावा.

मी धावतेच (बघ, क्रियापद सुधारले). रविवारी येते, बुटांसकट.

माया आटू देऊ नकोस. घाम मी पुसते.
धाकटी

ता. १७ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

रविवारी मी दार किलकिले केले, ते तुला परत पाठवण्यासाठी. तेवढ्यात टँकरचा हॉर्न कर्कश वाजला आणि गबाळ्या बिथरून फटीतून सुटला. भर दुपारी मी नुसता ओरडत राहिलो. तू पिशवी टाकून निघालीस, तीही इतक्या सावकाश, की माझा संताप झाला.

पुढचे कोपऱ्यावरच्या शिंप्याने सांगितले. कुत्रा वाऱ्यासारखा पुढे जाई, सावलीत जीभ काढून बसे, आणि त्याचा दम परतण्याआधी तू तिथे हजर. अखेर गोदामाच्या भिंतीपाशी तो उठलाच नाही.

तू त्याला खांद्यावर टाकून आणलेस. तो तुझी मान चाटत होता, पाहवत नव्हते. त्याला माझ्या हाती देताना तुझा घाम माझ्या मनगटावर टपकला, कोमट, ओंगळ. मी हात धुण्यास नळाशी गेलो आणि न धुताच परतलो. रडतोस का, असे तू विचारलेस, तेव्हा वासाने डोळे चुरचुरतात, असे मी सांगितले. वास होताच.

तू विसरलेले मोजे मी पुन्हा खुर्चीच्या पाठीवर टाकले आहेत. गबाळ्या त्यांच्याखाली झोपतो. किळस कायम आहे. न्यायला ये; धावत आलीस तरी चालेल.

आशीर्वाद असेल त्या अंगाने घ्यावेत.
दादा