बैलावर उभ्या राहिलेल्या पोरीचं ऐकावं म्हणून

मी, लालीबाई थावरा राठोड, माहेरची चव्हाण, वय कागदावर बहात्तर, धंदा शेती आणि लग्नाच्या पोरींना ढावलो शिकवणे, राहणार कोसंबी तांडा, तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतः सांगून लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कुणी धाक दाखवला नाही की गोड बोलून इथे आणलं नाही. मी एसटीने माझी मी आले. लिहिणारे बाबाराव, तहसीलसमोरचे अर्जनवीस. ते सारखी माझी वाक्यं सरळ करू पाहतात. मी त्यांना सांगितलं, भाऊ, कायद्याचं तेवढं तुमचं, बाकीचं माझं राहू द्या.

कलम १. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी दुसरं दाखवलं तर ते खोटं समजावं, आणि दाखवणारा बहुतेक माझा चुलतभाऊ उकंडा असेल.

कलम २. सदर उकंडाने आमच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, दरवर्षी नांगरटीत थोडा थोडा माझ्याकडे सरकवला आहे. जेवढी पट्टी त्याने खाल्ली तेवढी मी त्याला या लेखाने राजीखुशीने देत आहे. माझ्या माघारी त्याला चोरी केल्याचं पाप नको. पुढे एक वीतही सरकू नये.

कलम ३. उरलेलं शेत. हे माझे वडील देवसिंग यांनी मरण्याआधी माझ्या नावावर केलं. का केलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कलम कळणार नाही, म्हणून सांगते.

बाबारावांना ढावलो माहीत नव्हता, तसा वाचणाऱ्यालाही नसेल. आम्हा गोरमाटी, म्हणजे बंजारा, लोकांत सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, तो ढावलो. शेवटी तिला बैलाच्या पाठीवर उभी करत, आणि ती दोन्ही हात वर करून तांड्याचा निरोप घेई. आता बैलाऐवजी बोलेरोची पायरी असते. बापू, मला पाठवू नको, असं प्रत्येक नवरी म्हणते. जी म्हणत नाही तिला बेशरम म्हणतात. त्यामुळे ती कितीही नको म्हणाली तरी बैल हाकलला जातोच.

मला थावराच्या घरी जायचं नव्हतं. साखरपुड्याला तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या गाडीचा एक बैल थकून खाली बसला. थावराने चाबकाचा दांडा उलटा धरून त्या बैलाच्या डोळ्यावर मारला. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होते. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. बापूच्या तोंडावर लग्नाचं बोलायची आमची टाप नव्हती. पोरीने नाही म्हणायची जागा एकच होती, ढावलो, म्हणून मी ते ढावल्यात घातलं. आमच्या बोलीत आहे तसं बाबारावांना लिहिता येत नाही, मराठीत असं होतं: बापू, ज्याने मुक्या बैलाच्या डोळ्यावर मारलं, त्याच्या हाती मला देऊ नको.

बायांनी पदर डोळ्याला लावले. एक जण म्हणाली, "काय रडते व पोरगी. असा ढावलो तांड्यात झाला नाही." आणि बैल हाकलला.

थावराच्या घरचं इथे लिहीत नाही. तो गेला तेव्हा मी रडले नाही, एवढं पुरे. मूलबाळ नव्हतं, माहेरी परत आले. मग लोक पोरींना माझ्याकडे आणू लागले, की हिला लालीबाईसारखं रडायला शिकवा. मी शिकवलं. मला दुसरं कुणी बोलावत नव्हतं. लग्नघरात विधवेला मागे बसवतात, पण ढावलो शिकवणारीला पाट मिळतो, चहा मिळतो, चार पोरी अंगाला खेटून बसतात. माझं ते बैलाच्या डोळ्याचं वाक्य आता आर्णीपासून नेरपर्यंत नवऱ्या म्हणतात. ज्यांच्या दारात बैल नाही, ट्रॅक्टर आहे, त्याही म्हणतात आणि बाया रडतात.

बापू शेवटी बाजेवर पडून होता. एक दिवस त्याने विचारलं, "लाली, तवा तू खरंच रडून राह्यली होती का?"

मी म्हटलं, "नाही बापू. रीत होती ते."

म्हाताऱ्याला सुखाने जाऊ द्यावं म्हणून म्हटलं. त्याने मान हलवली. पण दुसऱ्याच आठवड्यात तलाठ्याला बोलावून शेत माझ्या नावावर केलं. म्हणजे त्याला पटलं नव्हतं. आम्ही दोघं पुन्हा त्यावर बोललो नाही.

हे शेत मी माझा भाचा राजकुमार, म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, याला देते. इतकी वर्षं पऱ्हाटी आणि तूर त्यानेच पेरली. अट एकच, ती कलम ५ मध्ये आहे. ती मोडली तर शेत त्याचं नाही, तांड्याच्या देवळाचं.

कलम ४. माझी आरशांची फेटिया-काचळी, म्हणजे घागरा-चोळी, आणि केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या राजकुमारची बायको जया हिला. जयाने मला कधी उपाशी ठेवलं नाही. कधी माझ्यासोबत बसून जेवलीही नाही. ताट दारात ठेवून, "आत्याबाई, जेवून घ्या," म्हणते आणि जाते. मी वाईट मानत नाही असं लिहायला बाबाराव सांगतात. मी मानते. बकरीही तिलाच. बकरीशी मात्र बोलत जावं, तिला माझी सवय आहे.

कलम ५. माझं तांड्यावरचं दीड खोलीचं घर, अंगण आणि कडुलिंबासह, राजकुमारची मुलगी बबिता हिला. तिच्या नवऱ्याला नाही, भावाला नाही, बापाला नाही. ती लग्न करो, न करो, मोडो, परत येवो, घर तिचं. मृत्युपत्र मेल्यावर चालतं, पण किल्ली मी तिला आजच देत आहे. राजकुमारने तिला या घरात राहायला अडवायचं नाही, ही ती अट.

राजकुमार चिडेल. बबिताचं लग्न अक्षय्य तृतीयेला आहे, नेरकडच्या अमरशी. जिचं लग्न ठरलं तिला माहेरी घर कशाला, असं तो विचारेल. त्याच्यासाठी पुढचं लिहिते.

मागच्या महिन्यात बबिताने मोबाइलवर कुठलासा प्रश्न वाचून मला विचारलं, "आजी, तुले मागं जाऊन एकच चांगलं काम करता आलं, तं काय करशीन?"

मी म्हटलं, "उकंडाच्या बापाचं लगन मोडून येईन."

ती हसली. खरं उत्तर मी गिळलं. मी त्या दिवशी गेले असते. बैलाची वेसण धरून त्या पोरीला विचारलं असतं, लाली, हे गाणं हाय का खरं? ती जे सांगेल ते तांड्याला ऐकवलं असतं. दुसरं काही नाही. तिला तिथे एवढ्या गर्दीत फार एकटं वाटत होतं, मला अजून वाटतं.

मग गेल्या आठवड्यात माझ्या अंगणात बबिताला ढावलो शिकवत होते. बाया जमल्या होत्या. बैलाच्या डोळ्याचं वाक्य आलं आणि पोरगी ते म्हणालीच नाही. त्या जागी म्हणाली, बापू, ज्याने बसस्टँडवर चारचौघांत माझा हात पिरगाळला, त्याच्या हाती मला देऊ नको. बायांनी पदर डोळ्याला लावले. जया म्हणाली, "लय चांगलं जोडलं व." माझं लक्ष पोरीच्या हाताकडे गेलं. डाव्या हातात बांगड्या होत्या, उजव्यात एकही नव्हती.

मी बायांना घरी पाठवलं आणि तिला विचारलं, "बबिता, हे गाणं हाय का खरं?"

ती म्हणाली, "रीतच हाय ना, आजी."

हे उत्तर मला ओळखू येतं. ते मीच दिलेलं आहे.

कलम ६. माझ्या मयताला कुणी सुरात रडू नये. रडायचं असेल तर साधं रडा, नसेल येत तर गप्प बसा. कोण कोण बसलं ते मला दिसणार नाही, पण दोन-चार जण तरी बसावेत अशी इच्छा आहे.

कलम ७. हे कलम ठरलेलं नव्हतं. वरचं सगळं बाबारावांनी साक्षीदारांसमोर मला मोठ्याने वाचून दाखवलं. साक्षीदार दोन, तांड्याचा कारभार पाहणारे नायक पूनमसिंग आणि माझी लहानपणची मैत्रीण शकुबाई. बबिता किल्ली घ्यायला आर्णीला आली होती, ती बाबारावांच्या खोलीच्या दारात बसून ऐकत होती. वाचून झाल्यावर ती आत आली. रडत नव्हती. म्हणाली, "आजी, गाणं नोहे ते. मले अमरच्या घरी जायचं नाही."

नायक म्हणाले, "पत्रिका वाटून झाल्या, बाई."

मी म्हटलं, "वाटल्या तं वाटल्या. बाबाराव, पोरगी काय बोलली ते लिहा."

नायक म्हणाले, "हे कायले लिवता? मी सही केली म्हंजे मले आयकू आलं असं होते."

बाबाराव म्हणाले, "हो, तसंच होतं."

नायकांनी बाबारावांकडून ते वाक्य पुन्हा वाचून घेतलं. मग सही केली, आणि राजकुमारकडे आज ते स्वतः जातील असं सांगितलं. तेही लिहून घेतलं आहे.

शकुबाई मात्र माझ्याकडेच पाहत होती. माझ्या ढावल्याला, काय रडते व पोरगी, असं म्हणाली होती ती हीच. तिने विचारलं, "लाली, मंग तवा तू बी?"

मी हो म्हटलं.

ती म्हणाली, "मले वाटलं तू गाऊन राह्यली."

तिला सही येते, पण आज तिने अंगठाच पुढे केला. बाबाराव म्हणतात, शकुबाईचं हे बोलणं मृत्युपत्राच्या कामाचं नाही, खोडू का. खोडू नका. ऐकलं म्हणून तिचा अंगठा आहे.

वर लिहिलेलं सगळं मी सांगितलं तसंच आहे. माझी सही मी यांच्यासमोर केली, यांनी माझ्यासमोर केली.

लिहून देणार: लालीबाई थावरा राठोड (सही)

साक्षीदार:
१. पूनमसिंग नायक, कोसंबी तांडा (सही)
२. शकुबाई, कोसंबी तांडा (डाव्या हाताचा अंगठा)

लेखनिक: बाबाराव, अर्जनवीस (सही)

ठिकाण: आर्णी
दिनांक: १७ एप्रिल २०२५