पुढच्या शॉकअपचं तेल

१४ आबान, बुधवार

१. शेजारच्या यदुल्लाकाकांच्या मोटरसायकलच्या पुढच्या दोन्ही शॉकअपची ऑइल सील गेल्या महिन्यात मी आमच्या अंगणात बदलली.
२. डाव्या शॉकअपच्या नळीवर गंजाची बारीक खळी होती. नख अडकत होतं. पॉलिश पेपरने घासली. नवी नळी मागवली नाही.
३. डावं सील पुन्हा गळलं. तेल पुढच्या ब्रेकवर उतरलं.
४. आज दुपारी कबाबचे डबे पोचवताना काका वळणावर पडले. खांद्याचं हाड मोडलं.
५. ते सगळ्यांना सांगताहेत, रस्त्यावर वाळू होती.

वाळू नव्हती. मी जाऊन बघून आले.

१५ आबान

काकांना भेटून आले. हात गळ्यात बांधलेला, तरी उठून बसायला लागले. "या, इंजिनियरबाई, या! इफ्फत, चहा!" आणि मग — "माफ करा हं. तुम्ही एवढी छान केलेली गाडी मी पाडली."

माफी त्यांनी मागितली! मी चहा प्यायले. खडीसाखरसुद्धा घेतली.

१६ आबान

काम झाल्यावर गाडी मला चालवून बघता येत नाही. आमच्या यज्द शहरात बाई मोटरसायकलवर — परवानाच मिळत नाही. म्हणून चालवणाऱ्याच्या शब्दावर जायचं. मी विचारलं होतं, "कशी चालतेय?" काका म्हणाले, "लोणी! तुमच्या हाताला दृष्ट न लागो."

आमच्याकडे पहिल्या उत्तराला उत्तर म्हणत नाहीत. ती भीड असते. पाहुण्याला जेवायचं विचारलं तर तो दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा बसतो. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी एकदाच विचारलं. उत्तर आवडलं म्हणून.

१७ आबान, शनिवार

डावा शॉकअप उघडला. सीलची कड फाटलेली, बरोबर खळीच्या रेषेत. मी इंजिनियर आहे त्या कारखान्यात पंपाचा असा दांडा आला असता तर मी हात न लावता परत पाठवला असता. काकांना गाडी लगेच हवी होती, हे खरं. "एका दुपारात केलं!" असं मला म्हणवून घ्यायचं होतं, हे जास्त खरं.

संध्याकाळी कबाबच्या दुकानाचे मालक जहाँगीरसाहेब काकांकडे आले. अंगणातून सगळं ऐकू येत होतं.

"यदुल्ला, साठी उलटली तुझी. डोळे गेले. वळण दिसत नाही तुला."

"साहेब, तुमचं टक्कल मला गल्लीच्या तोंडापासून दिसतं!"

हसले दोघेही. मग साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून दुसरा माणूस बघतोय." त्यानंतर कुणी हसलं नाही.

आई म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस. तो स्वतःच वाळू म्हणतोय ना?"

१८ आबान

काकांना खरं सांगायला गेले नाही. दारापर्यंत गेले होते.

१९ आबान

सांगितलं. खळी, पॉलिश पेपर, ब्रेकवरचं तेल — क्रमाने. आवाज नीट राहिला.

काका म्हणाले, "ठाऊक आहे की. पायजम्यावर डाग पडत होते. रोज सकाळी फडक्याने पुसून घ्यायचो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही किती खूश होतात, बाई!"

इफ्फतकाकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "धुणं माझ्याकडे होतं! मी सांगत होते, जा, दाखव पोरीला. नाही! यांची भीड!"

मी म्हटलं, जहाँगीरसाहेबांना खरं सांगते. काकांचा चेहरा एकदम उतरला. "एक शब्द नाही. दुकानात सगळे हसले होते — बाईने दुरुस्त केलेली गाडी म्हणून. मी छाती पुढे काढून सांगितलं, माझी इंजिनियर आहे ती. आता त्यांच्यासमोर मला खोटा पाडू नका. नोकरी काय, मिळेल दुसरी."

नाही मिळणार. त्यांनाही ठाऊक आहे.

२० आबान, मंगळवार

काकांना न विचारता जहाँगीरसाहेबांना पाठवलेला मजकूर, जसाच्या तसा:

"यदुल्ला यांचे डोळे ठीक आहेत. ब्रेकवर तेल आलं ते माझ्या चुकीच्या कामामुळे. फाटलेलं सील माझ्याजवळ आहे, म्हणाल तेव्हा दुकानात सगळ्यांसमोर आणून दाखवते. हसायचं तर मला हसा. त्यांची जागा दुसऱ्याला देऊ नका. कृपया गुरुवारपर्यंत उत्तर द्यावं. — महनूश, शेजारीण."