रंगातली मुंगी

आप्पा, सोप्यातल्या ज्या भिंतीकडं तुम्ही शेवटची वर्षं वळूनही पाहिलं नाहीत, त्या भिंतीबद्दल लिहायला बसलोय. कागद वखारीतला आहे, तंबाखूचा वास येईल. तुम्ही शेतीवरचे, तुम्हाला तो वास कधी आवडला नाही. पण निपाणीत त्याच वासावर मी घर उभं केलं आणि ते अजून चालतंय. मी आता तुमच्याच वयाचा झालोय. मिशा तुमच्यासारख्याच एका बाजूनं आधी पिकल्या. गेल्या श्रावणात राज्य बदललं, कचेरीवर नवा झेंडा लागला, बेळगावच्या कॅम्पातले साहेबलोक बंगले रिकामे करून निघाले. जगात बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मला मात्र तुमच्याशी बोलायचंय ते त्या फुलांच्या चित्राबद्दल. तुम्ही गेल्यावर त्यावरून मी कुणाशी भांडलो नाही. तसं भांडणारं माणूसच उरलं नव्हतं.

ते मी कॅम्पातनं आणलं तेव्हा ऐन तिशीत होतो. पलटणीतल्या कुणा साहेबाची बदली झाली होती आणि बंगल्याच्या व्हरांड्यात त्याचं सामान विकायला मांडलं होतं. लोक पलंग बघत होते, आरसे बघत होते. एका खुर्चीमागं भिंतीकडं तोंड करून टेकवलेली चौकट मी सरळ केली आणि तिथंच उकिडवा बसलो. काळपट तपकिरी अंधारातनं वर आलेला फुलांचा गुच्छ. हिरवट काचेचा चंबू, आणि चंबूच्या पोटावर समोरच्या खिडकीचं नखाएवढं प्रतिबिंब. खाली दगडी कट्ट्यावर गळून पडलेली एक पाकळी, कडेनं जरा वळलेली. साहेबाचा बटलर म्हणाला, “शेठ, छापील न्हाय ते. हातानं काढलंय.” मला सांगायची गरज नव्हती. पांढऱ्या गुलाबाच्या कडेवरनं मी नख आडवं फिरवलं, तर रंगाचा उंचवटा लागला. चौकट उलटी केली, तर कापडाची वीण दिसली आणि जवसाच्या तेलाचा जुना खवट वास आला. जुन्या वलंदेजी, हॉलंडकडच्या धाटणीचं काम. अस्सल तिकडचं की कुणी मागाहून केलेली नक्कल, हे मी आजही छातीठोकपणे सांगत नाही. जे डोळ्याला दिसतं तेवढंच सांगतो. फार शाळा न पाहिलेल्या माणसाला हे कुणी शिकवलं, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. कुणीच नाही, आप्पा. बघून बघून शिकलो.

तुमचा नेम मला माहीत होता. आपल्या जैन बस्तीत देवाला उपाध्ये फुलं वाहायचे, त्याला तुमची हरकत नव्हती. पण आपल्या हातानं फूल तोडायचं नाही आणि आपल्यासाठी तोडलेलं उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, हे तुम्ही मुनिमहाराजांसमोर घेतलेलं व्रत. आईनं तुमच्यापायी वेणी माळणं सोडलं. म्हणूनच तर मी ते चित्र हौसेनं आणलं. मनात म्हटलं, आता या घरात फुलं येतील आणि कुणाचा नेमही मोडणार नाही. मोटारीतनं येताना ते मांडीवर उभं धरून बसलो होतो. घरी येऊन सोप्यात, खिडकीतला उजेड डावीकडनं पडेल अशा बेतानं, मोजून खिळा मारला. तुम्ही शेतातनं आलात, पाय धुतलेत, आणि चित्रापुढं उभे राहिलात. बराच वेळ उभे होता. मला वाटलं, आवडलं. मग तुम्ही पुढं झुकलात, उपरण्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलंत आणि गुलाबाच्या देठावरच्या मुंगीवर हळूच फुंकर घातलीत. ती सरकेना, म्हणून उपरण्यानं तिला उचलायला गेलात.

मी मोठ्यानं हसलो. आत आई होती, दारात दोन शेजारी होते, त्यांच्यादेखत हसलो. “आप्पा, रंगाची हाय ती.”

तुम्ही हात मागं घेतलात. उपरणं झटकून खांद्यावर टाकलंत. “रंगाची हाय व्हय? मग तिला सोडवणार कोण?”

एवढंच बोलून तुम्ही आत गेलात, आणि त्या दिवसापासनं सोप्यात बसताना भिंतीला पाठ करून बसू लागलात. मला तेव्हा वाटलं, हसल्याचा राग आहे, जाईल दोन दिवसांत.

आईचं मात्र वेगळं. ती दुपारी तांदूळ निवडायला सूप घेऊन बरोब्बर चित्रासमोर बसायची. एकदा मान वर न करताच म्हणाली, “लई गुणाची फुलं. वास तेवढा न्हाय बघ.” तिच्यासाठी म्हणा, माझ्या हट्टासाठी म्हणा, मी पुढं आणखी घेत गेलो. कॅम्पात कुणाचं सामान निघालं की मी हजर. एक माडीवरच्या खोलीत, एक वखारीच्या बैठकीत. छापील ओलिओग्राफ कुणी फुकट दिलं तरी घेतलं नाही. निपाणीच्या हवेतली तंबाखूची धूळ रंगावर बसते, ती कशी काढायची हेही माझं मीच शोधलं. कापसाचा बोळा तोंडात ओला करायचा आणि अलगद फिरवायचा. पाणी वापरलं तर रंग दुखावतो, थुंकीनं दुखावत नाही. तुमची सून नाक मुरडायची. “अहो, सोप्यात बसून थुंकी लावत बसलाय! कुणी बघितलं तर काय म्हनंल?” म्हणेना का. त्या बोळ्यानंच मुंगीच्या मिशा मोकळ्या झाल्या.

साहेबांच्या सामानात बियाणांच्या कंपन्यांची चित्रांची पुस्तकंही मिळायची. त्यांत बघून मी एकेक फूल ओळखलं, आणि एक दिवस लख्ख कळलं की चंबूतली ही फुलं एका वेळी फुलतच नाहीत. काही थंडी सरता सरता येतात, काही ऐन उन्हाळ्यात. म्हणजे हा गुच्छ कधी कुठल्या चंबूत उभाच नव्हता! चितारणाऱ्यानं तो मनात बांधला. मी धावत परसात आलो. तुम्ही दोरी वळत होता. एका दमात सगळं सांगितलं. “आप्पा, हा गुच्छ कुणी तोडलाच नाही. तो नव्हताच.”

तुम्ही दोरीला पीळ देत राहिलात. मग म्हणालात, “म्हंजे एकेक करून तोडली.”

मी परत आत आलो आणि पुस्तक मिटून ठेवलं. 

आणि मग तो दिवस. तुम्हाला काय सांगायचं, पण क्रमानं मांडल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. मुनिमहाराज चातुर्मासाला गावात होते. दिवसातनं एकदाच आहार, तोही उभ्यानं, ओंजळीत. कुणाच्या दारी थांबायचं याची खूण मनात धरून ते निघतात आणि ती कुणाला सांगत नाहीत. तुम्ही आणि आई कितीतरी दिवस दारात कलश नि नारळ घेऊन उभे राहायचात आणि महाराज पुढं निघून जायचे. त्या दिवशी ते थांबले. “नमोस्तु महाराज, तिष्ठ, तिष्ठ,” म्हणताना तुमचा आवाज फाटला. तुम्ही दोघांनी प्रदक्षिणा घातलीत, महाराज उंबरा ओलांडून सोप्यात आले. उजव्या हाताची मिटलेली बोटं खांद्यावर टेकलेली; ती मुद्रा आहे तोवर आहार आहे. मी खिडकीपाशी उभा होतो. महाराज सोप्याच्या मधोमध थांबले. त्यांची नजर कुठं होती, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. चित्राकडं असेल, माझ्याकडं असेल, खाली जमिनीकडं असेल. मग खांद्यावरचा हात खाली आला. बस्स. ते वळले आणि चालू लागले. त्या दिवशी त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नाही, आणि तो आपल्या घरापायी गेला नाही.

आईनं पदर तोंडात धरला. तुम्ही चित्राकडं बघितलंत, मग माझ्याकडं. मी भराभर बोलत सुटलो. उंबऱ्याशी तांदूळ सांडले होते, त्यावर पाय पडला असता. परसात मांजर ओरडलं. शेजारच्या घरात कुणी रडत होतं. कशानंही आहारात अंतराय येतो, विघ्न येतं, आप्पा, आणि महाराज कारण सांगत नाहीत, मग चित्रानंच आला हे कशावरून? तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. “तू हातानं तोडत न्हाईस,” म्हणालात, “डोळ्यानं तोडतोस.”

‘काढ’ म्हणाला नाहीत. एकदाही नाही. तुम्ही म्हणाला असता तर मी त्या क्षणी उतरवलं असतं, हे मी मनाशी कितीदा घोकलंय. तुम्ही ताट परसातल्या खोलीत न्यायला लागलात. मी आपणहून काढेन म्हणून तुम्ही थांबलात, तुम्ही सांगाल म्हणून मी थांबलो. तसेच थांबलेले असताना तुम्ही गेलात. तिरडी सोप्यातनं निघाली तेव्हाही ती फुलं भिंतीवर होती.

यंदा पुन्हा महाराज चातुर्मासाला आले. हे वेगळे, वयानं फार थकलेले. कोगनोळीच्या बाजूनं चालत आले तेव्हा सारं गाव वेशीवर गेलं होतं. तुमच्या सुनेनं चौका, महाराजांच्या आहाराचा सोवळ्यातला स्वयंपाक, मांडायचं ठरवलं. चित्राबद्दल ती बोलली नाही. भिंतीखालची जमीन मात्र दोनदा पुसली. मी मनाशी एक ठरवलं होतं, ते तिलाही सांगितलं नाही. यंदा निकाल लावायचा. एकेक कारण काढून टाकायचं आणि एकच ठेवायचं. उंबऱ्यावर वाकून दाणा अन् दाणा मीच वेचला. मांजर लांब सोडून आलो. शेजारी सांगून ठेवलं की तेवढा वेळ आवाज नको. पाणी दुहेरी फडक्यातनं गाळताना स्वतः उभा राहिलो. चित्र मात्र जागेवर. महाराज आत येऊन आहार झाला, तर तुम्ही चुकलात. परतले, तर मी. एवढं स्वच्छ गणित आयुष्यात दुसरं मांडलं नव्हतं.

पण आदल्या दिवशी दुसऱ्या एका घरी महाराजांच्या ओंजळीत केस आला आणि ते तसेच परतले. म्हणजे काल सकाळी आमच्या गल्लीत वळले ते पाण्यावाचून. मी नि तुमची सून दारात सोवळ्यात उभे, तिच्या हातात कलश, माझ्या हातात नारळ. मागं माझा मुलगा नि त्याची बायको. महाराज गल्लीच्या तोंडाशी दिसले. मोरपिसांची पिंछी हातातनं खाली झुकली होती. दोन घरांवरनं पुढं आले. एका ठिकाणी भिंतीचा आधार घेतात की काय असं वाटलं, पण घेतला नाही. तुमची सून पुटपुटली, “आज तरी थांबू देत गं माय. आज परतलं तर म्हातारा जीव न्हाय टिकायचा.”

माझं गणित माझ्या पाठीमागं भिंतीवर टांगलेलं होतं. तुमच्या-माझ्या भांडणात या माणसाचं पाणी मी डावावर लावलं होतं.

मी नारळ मुलाच्या हातात कोंबला. “अहो! जाताय कुठं?” ती दबक्या आवाजात ओरडली. “महाराजांची खूण जोडप्याची असली तर?” मी आत गेलो होतो. चौकट दोन्ही हातांनी धरली, खिळ्यावरनं उचलली. धुळीला, थुंकीला, कुणाकुणाच्या हाताला लागलेली ती चौकट शिवल्यावर माझं सोवळं मोडलं. आता आहार द्यायला मी चालणार नव्हतो. तुम्ही आयुष्यभर वाट बघितलीत तो क्षण दारात आला होता आणि मी चित्र छातीशी धरून परसातल्या खोलीत पळालो. तुम्ही जेवायचात त्या खोलीत.

तिथनं दिसत काही नाही. ऐकू येतं. “नमोस्तु, तिष्ठ, तिष्ठ.” मग काहीच नाही. ते काहीच नाही किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. मग प्रदक्षिणेची पावलं. सोप्यात पावलं आली. सोप्याच्या मधोमध थांबली का? मला वाटतं, थांबली.  मग ती चौक्याकडं गेली, आणि थोड्या वेळानं गडव्यातनं ओंजळीत पाणी पडल्याचा आवाज आला.

आहार निर्विघ्न झाला, आप्पा. घरात सगळे रडत होते. तुमची सून संध्याकाळी म्हणाली, “आता लावा की परत. कोण काय म्हनतंय?” मी म्हटलं, बघू. भिंतीवर चौकटीएवढा पांढरा डाग पडलाय आणि खिळा तसाच आहे. चित्र अजून परसातल्या खोलीत आहे. त्या दिवशी महाराज का परतले, ते मला माहीत नाही. यंदा कळलं असतं. मी कळू दिलं नाही.

आणि एक. काल तिथं उभा असताना, पाण्याचा आवाज आल्यावर, मी चित्र खाली टेकवायला वाकलो. देठावरची ती मुंगी बरोबर माझ्या बोटाखाली येत होती. मी बोट सरकवलं. मग तिच्यावर हळूच फुंकर घातली.

हसू नका, आप्पा.