पाचूचा हार आणि रकाना अकरा

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून घरात मौल्यवान वस्तू आहे आणि तिची जबाबदारी माझ्यावर आहे. कुणी टाकलेली नाही. मी घेतली.

वस्तू म्हणजे सासूबाईंचा पाचूचा हार. जाण्यापूर्वी त्यांनी तो मोठ्या मेव्हणीपाशी ठेवला होता. काल मेव्हणी तो घेऊन आली. सोबत सासूबाईंचा निरोप: नातीच्या लग्नात हा हार धाकटीने घालायचा. धाकटी म्हणजे माझी बायको. नात म्हणजे मेव्हणीची मुलगी. लग्न १८ एप्रिलला.

बायको हार मांडीवर घेऊन पदराने एकेक पाचू पुसत बसली होती. तेवढ्या वेळात मी विम्याचा निर्णय घेतला. घरात दोघांपैकी एकाने तरी व्यवहारी असावं लागतं.

भाड्याच्या घरात आपलं असं काय असतं? भिंती मालकीणबाईंच्या, नळ त्यांचे, मागच्या खोलीतलं कुलूपबंद कपाटही त्यांचंच. भिंतीतले अकरा खिळेसुद्धा करारात मोजून लिहिलेले. अशा घरात पाचू उघड्यावर!

३ मार्च, रात्री ८
बायको मागच्या खोलीतल्या कपाटाबद्दल काहीतरी सांगत होती. झुरळं झाली असतील. विमा झाला की बघू म्हटलं.

६ मार्च
विमा एजंट येऊन गेला. सतत हसतो. विश्वास ठेवावा असा चेहरा नाही, पण फॉर्म त्याच्याकडेच मिळतात. मी भरून देतो म्हणाला. मला हसू आलं. पाणीपट्टी कार्यालयात छाननी विभागात अठरा वर्षं मी दुसरं काय करतोय? लोकांचे चुकलेले फॉर्म लाल शेरा मारून परत पाठवतो. 'रकाना पाच अपूर्ण.' 'सही चौकटीबाहेर.' लोक चिडतात, पण त्यांना शिस्त लागते.

अख्खा फॉर्म एका बैठकीत भरला. पेन एकदाही अडलं नाही. नाव, पत्ता, व्यक्ती, सही. हात आपोआप चालतो. रकाना अकरावर मात्र थोडा थांबलो. 'दागिन्याला घरात कोणता धोका संभवतो?' लिहिलं: 'कोणताही नाही. घरात मी असतो.'

बायकोने बघू का म्हणून विचारलं. कशाला, म्हटलं. त्यावर तिने पुन्हा कपाटाचा विषय काढला. मी फॉर्मची घडी घालत होतो. घडी घालताना बोलू नये, रेघ तिरकी जाते.

१४ मार्च
पॉलिसी आली. जाड कागद. समाधान वाटलं.

दुपारी डबा खाता खाता नियम वाचले. नियम चार: दागिना एकतर भिंतीत पक्क्या बसवलेल्या तिजोरीत असावा, नाहीतर रकाना सातमधल्या व्यक्तीच्या अंगावर असावा. अन्य कुठेही असल्यास कंपनी जबाबदार नाही. तपासनीस न कळवता येऊ शकतो.

रकाना सात म्हणजे 'दागिना वापरणारी व्यक्ती'.

रकाना सातमध्ये माझं नाव आहे.

१४ मार्च, संध्याकाळी ६
वरवर पाहणाऱ्याला ही चूक वाटेल. चूक नाही. मुळात बायको विसरभोळी आहे. परवाच छत्री दुकानात विसरून आली. विचार करूनच मी माझं नाव घातलं असणार.

एजंटला सहज फोन केला. हसला. म्हणाला, दुरुस्ती अर्ज द्या, वहिनींचं नाव घालून टाकू, दोन मिनिटांचं काम. दुरुस्ती अर्ज! म्हणजे अठरा वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म परत पाठवणाऱ्याने स्वतःचा फॉर्म चुकला असं लिहून द्यायचं. फोन ठेवला.

पहिला पर्याय आहेच. तिजोरी.

१६ मार्च, रविवार
तिजोरी आणली. दोन हमाल लागले. मालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहतात. आवाज ऐकून वर आल्या. भिंतीला चार भोकं पाडायची म्हटल्यावर त्यांनी करार आणला, चष्मा लावला आणि खिळे मोजले. अकरा. बारावा मारायचा नाही म्हणाल्या. मी म्हटलं, हे खिळे नाहीत, बोल्ट आहेत. त्यांनी बोल्टही मारायचे नाहीत असं करारात तिथल्या तिथे लिहून घेतलं. माझी सही घेतली. सही चौकटीत केली.

जाता जाता त्या बायकोला म्हणाल्या, अगं, ह्यांना सांगितलं नाहीस का? बायको म्हणाली, सांगितलं. दोघी हसल्या. बायकांचं काहीतरी.

१७ मार्च
रंगाच्या दुकानात लोखंड चिकटवायचा गोंद मिळतो. भोक नाही, खिळा नाही, करारभंग नाही. डोकं लागतं.

१८ मार्च
तिजोरी भिंतीवर नऊ मिनिटं टिकली. पडताना भिंतीचा मोठा पोपडा घेऊन पडली. पोपडा तिजोरीला अजून घट्ट आहे, म्हणजे गोंदाची काहीच तक्रार नाही. भिंतच कच्ची.

भोकासमोर कॅलेंडर लावलं. कॅलेंडरला खिळा नसल्यामुळे मालकीणबाई आल्या की हाताने धरून उभं राहावं लागतं.

१९ मार्च, सकाळी ६.३०
निर्णय. दुसरा पर्याय. हार मी घालणार.

शर्टाच्या आत कुणाला दिसतंय? बायको हुक लावून द्यायला आली. हा जरा वेगळा आहे, आधी दाबायचा आणि मग, असं काहीतरी सांगायला लागली. म्हटलं, हुक कसा लावायचा हे मला शिकवू नकोस. पहिल्याच खटक्यात लागला.

आरशात पाहिलं. शर्टाची सगळी बटणं लावली तर अजिबात कळत नाही. श्वास घेतला तर थोडं कळतं.

२४ मार्च
सहावा दिवस. पाचू थंड असतात अशी माझी समजूत होती. दुपारी दोननंतर नसतात.

जिना उतरताना छातीतून खळखळ आवाज येतो. छाननी विभागातल्या कुणीतरी साहेबांना सांगितलं की माझ्या छातीत कफ आहे. साहेबांनी बोलावून डॉक्टरचा पत्ता दिला. लोक काळजी करतात. पदाचा मान असतो.

आंघोळीला हार गळ्यातच. वर प्लॅस्टिकची पिशवी. झोपताना उताणं. कुशीवर वळलं की मधला मोठा पाचू बरोबर गळ्याच्या खळग्यात रुततो. सासूबाईंचाही स्वभाव जरा असाच होता.

२ एप्रिल
गळ्यावर चट्टे. हिरवट. खोकला. डॉक्टरकडे गेलो नाही. स्टेथोस्कोप म्हटलं की शर्ट आला.

विभागात माझ्यासाठी फुलं आणि लवकर बरे व्हा असं कार्ड. खाली सगळ्यांच्या सह्या. दोन सह्या एकमेकींवर चढल्यात. परत पाठवणार होतो, पण भावना बघितली.

बायकोने आज कपाटाचा विषय काढला नाही. आता तो तिने सोडलेला दिसतो. बरं झालं.

९ एप्रिल
बायको लग्नासाठी नवी हिरवी साडी घेऊन आली. हारावर जाईल अशी. अंगावर धरून आरशासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, द्या जरा, बघते कसा दिसतो.

मी तिला नियम चार वाचून दाखवला. शांतपणे, ठळक अक्षरांसकट. तिच्या अंगावर गेला की त्या क्षणी विमा संपला. ती म्हणाली, तुमचा विमा आईच्या हारासाठी आहे की आईचा हार तुमच्या विम्यासाठी? उत्तर तयार होतं, पण तेव्हाच खोकला आला.

मग तिने विचारलं, लग्नात काय? म्हटलं, लग्नात हार असेल. सासूबाईंच्या निरोपाचा मान राखला जाईल. फक्त शर्टाच्या आतून.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. घरात शांतता आहे. वाचनाला बरं.

१२ एप्रिल
एजंटचा फोन. दुरुस्ती अर्ज पाठवू का? अजून वेळ आहे म्हणाला. अर्ज घेऊन ठेवला. भरायला नाही. नमुना म्हणून. छपाई चांगली आहे.

१८ एप्रिल, पहाटे ५.४५
आज लग्न. बंद गळ्याचा कोट. प्लॅस्टिकची पिशवी नको असं ठरवलंय, लग्न आहे. सगळं नीट पार पडणार.

बायको हिरव्या साडीत तयार आहे. गळ्यात काही नाही. छान दिसतेय असं म्हटलं. थँक्यू म्हणाली. आपण रिक्षावाल्याला म्हणतो तसं.

१८ एप्रिल, रात्री ९.३०
सविस्तर लिहितो. कारण उद्या माझा माझ्यावर विश्वास बसणार नाही.

हॉलमध्ये मेव्हणी धावत आली, बायकोच्या गळ्याकडे बघून थांबली. आईचा हार कुठे, म्हणून विचारलं. बायको म्हणाली, आलाय. एवढंच.

नवरी मुलगी समोर आली तेव्हा बायकोने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग तिचा हात सहज स्वतःच्या गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच खाली आला. मी चार खुर्च्या सोडून बसलो होतो. मला दिसलं. आणि मला फार वाईट वाटलं. रोजनिशीत खरं लिहायचं असतं म्हणून लिहितो. इतकं वाईट मला फॉर्म परत पाठवताना कधीही वाटलेलं नाही.

तडक उठलो. ठरवलं, नियम चार गेला खड्ड्यात. फोटोपुरता हार तिच्या गळ्यात घालायचा. दहा मिनिटं. दहा मिनिटांत कोण चोर येतोय?

हात धुवायच्या जागी गेलो, कोट काढला, शर्ट उघडला, हुक ओढला. निघेना. जोर लावला. निघेना. साडू हात धुवायला आले. त्यांनी आधी किंचाळी दाबली, मग मदत केली. निघेना. त्यांनी आचाऱ्याला बोलावलं, कारण आचाऱ्याकडे पकड होती. आचारी म्हणाला, पकड गरम भांड्यांची आहे, मानेची नाही. सनईवाला आला. वादक म्हणून त्याची बोटं नाजूक. त्यानेही हात टेकले. तोवर दारात बारा-पंधरा पाहुणे, आणि मधे मी, उघड्या शर्टात, पाचू घालून.

बायको गर्दीतून पुढे आली. म्हटलं, बघ ना जरा, तुझ्यासाठीच काढतोय. तिने हुकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, राहू द्या. तुमच्या नावावर आहे ना? आणि गेली.

तेवढ्यात फोटोग्राफरची हाक. सगळ्या कुटुंबाने लगेच यायचं होतं. कोटाची बटणं लागेनात, त्यातलं एक पकडीत गेलं होतं. फोटोत पहिल्या रांगेत मी आहे. हार पूर्ण दिसतो. प्रकाश चांगला होता. बायको शेवटच्या रांगेत आहे.

मेव्हणीच्या सासरची एक म्हातारी मला म्हणाली, तुला शोभतो हो.

१९ एप्रिल, सकाळी ८
बायको चहा घेऊन आली, मागे उभी राहिली, हुक दोन बोटांनी दाबला आणि डावीकडे सरकवला. हार सुटला. अर्धा सेकंद.

काल का नाही, असं मी विचारलं नाही. हुकाबद्दल शिकवू नकोस असं १९ मार्चला मीच लिहून ठेवलंय. मागची पानं चाळली.

त्यानंतर तिने किल्लीच्या जुडग्यातली एक किल्ली काढली, मागच्या खोलीतलं मालकीणबाईंचं कपाट उघडलं, आतली फळी सरकवली. मागे भिंतीत तिजोरी. भिंतीत. पक्की. चार बोल्टसकट. मालकीणबाईंनी, म्हणे, आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात किल्ली देऊन ठेवली होती: कपाट वापरत जा, माझं त्यात काही नाही.

तिने हार आत ठेवला. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? तिने कपाटाला कुलूप लावलं. रोजनिशीत मोजलं. नुसत्या मी लिहून ठेवलेल्याच दोन वेळा आहेत.

२१ एप्रिल
तपासनीस आला. तिजोरी बघून उत्तम म्हणाला. कॅलेंडर मी का धरून उभा आहे, ते विचारलं. आरोग्यासाठी म्हटलं.

२३ एप्रिल
दुरुस्ती अर्ज बायकोने भरला. टेबलावर बसून, माझ्याच पेनाने. बघू का म्हटलं. कशाला, म्हणाली.

३ मे, शनिवार, संध्याकाळी ५
सुधारलेली पॉलिसी आली, सोबत तिच्या अर्जाची प्रत. रकाना सातमध्ये तिचं नाव. अक्षर सुवाच्य, सही चौकटीत. दोनदा तपासलं, एकही चूक नाही.

रकाना अकरा. 'दागिन्याला घरात कोणता धोका संभवतो?' तिने लिहिलंय: 'घरात नवरा असतो.'

मला वाटलं होतं निदान यावर तरी कंपनी शंका काढेल. मी असतो तर लाल शेरा मारून परत पाठवला असता. त्यांनी जशाच्या तसा मंजूर केलाय.

बायको आत्ताच हार घालून भाजी आणायला गेली. तिला फार छान दिसतो. तिला सांगायला हवं होतं. मी जिन्यापर्यंत गेलो, पण तोवर ती खाली पोचली होती. तिच्या गळ्यात तो खळखळत नाही.

परत आलो. सवयीने शर्टाचं वरचं बटण लावून बसलो आहे.